शेगडीला हात लावणाऱ्या जानकाबाई

जानकाबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, शेगडीकडे बघत. चपला दारात, "आहे का कोनी?" हा प्रश्न आत शिरल्यावर, आणि पावलं सरळ स्वयंपाकघरात. तिथे शेगडीवर तळहात धरायचा. ऊब लागली की चेहरा सैल व्हायचा आणि म्हणायच्या, "हाव, बसतो आता."

भिलाईत सेक्टर ६ मध्ये त्यांचं क्वार्टर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. कारखान्याची धुराडी तेव्हा अजून उभी राहत होती. जानकाबाई तुमसरकडच्या. नवरा कधीच वारलेला, मुलगा श्रीधर ड्रॉइंग ऑफिसात. मी टाउनशिपच्या ऑफिसात कारकून. श्रीधरसाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा बाईंनी मुलीआधी शेगडी बघितली आणि भर बैठकीत जाहीर केलं, "शेगडी थंडी हाय. पोहे बाहेरून आनले." सोयरीक तिथेच मोडली. एका साहेबांकडे विजेची शेगडी होती. तिच्यावरही त्यांनी हात ठेवला. फोड आला, पण बाई खूश होत्या. "घर चांगलं हाय," म्हणाल्या आणि फोडावर तूप लावत बसल्या.

कुणी समजवायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळे, "मले शिकवून राहिले का?" हे त्या पोस्टमनला म्हणत, साहेबाला म्हणत आणि आरती चालू असताना देवालाही म्हणत असाव्यात, अशी मला शंका आहे.

एका वैशाखात संध्याकाळी वादळ आलं आणि सुपेल्याच्या अलीकडची मजुरांची झोपडवस्ती आडवी करून गेलं. टिनाचे पत्रे झाडांवर जाऊन लटकले. माणसंही गेली. उरलेल्यांना एका अर्धवट बांधलेल्या शाळेत आणून ठेवलं. खिडक्या अजून बसायच्या होत्या, पण छप्पर होतं. कूपन, चादरी आणि खिचडी बघायला आमच्या ऑफिसनं मला पाठवलं. बोलावलं नसताना जानकाबाईही आल्या.

तिथे बाहेरगावाहून एक तरुण डॉक्टर आले होते. भला माणूस. मनाला धक्का बसलेल्यांना सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचा नियम साधा होता. झोपेची गोळी द्यायची, पडून राहू द्यायचं आणि गेलेल्या माणसाचा विषय काढायचा नाही.

"नाव नाई काढाचं?" जानकाबाई कडाडल्या. "कावून? मेला तो बिचारा, चोरी करून पळाला का?"

डॉक्टर गोंधळले. बाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. तिथे शेगडी नव्हती, म्हणून थेट विचारलं, "तुमी सकाळपासून काय खाल्लं?" डॉक्टरांनी काहीच खाल्लं नव्हतं. त्यांना खिचडी खायला बसवूनच बाई पुढे गेल्या.

कोपऱ्यात फुलबसन बसली होती. अहिवाऱ्याच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातली. तिच्या नवऱ्याला आदल्या दिवशीच अग्नी दिला होता. ती रडत नव्हती आणि खातही नव्हती. ताट हातात घ्यायची, थोडा वेळ धरायची आणि खिचडी परत पातेल्यात ओतून यायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हिला दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात हलवावं लागेल, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी जाईल. रस्त्यात झाडं पडली होती, तिच्या माहेराला अजून निरोपही पोचला नव्हता. माहेरचे येतील तेव्हा ही इथे सापडणार नाही.

"येडी नाई ते," जानकाबाई म्हणाल्या. "तिले कोनं कडू घास नाई दिला."

आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे, भाऊबंद ताट घेऊन येतात, समोर बसतात आणि पहिला घास आपल्या हातानं भरवतात. तो कडू घास. तो खाल्ला की मग जेवायला मोकळीक. जानकाबाई घरी गेल्या, भात आणि बिनफोडणीचं वरण घेऊन आल्या आणि फुलबसनच्या तोंडाशी घास नेला. तिनं तोंड फिरवलं. बाईंनी दुसऱ्या बाजूनं नेला. तिनं पुन्हा फिरवलं. शेवटी ती हात जोडून म्हणाली, "मोर मइके ले कोनो आही, तब खाहूँ, दाई." माहेरचं कुणी आलं तरच खाईन.

जानकाबाई भयंकर चिडल्या. घरी जाईपर्यंत फुलबसनच्या हट्टीपणावर बोलत होत्या. सकाळी माझ्या दारात आल्या, तेव्हा मात्र सूर वेगळा होता. "बाप्पा, मी तं माह्या गावचा घास तिच्या तोंडात कोंबून राहिली होती. तिच्या गावचं विचारलंच नाई."

मग त्या विचारायला गेल्या. शाळेत एक छत्तीसगढी म्हातारी होती. तिनं सांगितलं, यांच्याकडे दोघी जणी एकमेकींच्या कानावर तुळस ठेवून, नारळ देऊन तुलसीदल होतात. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, 'तुलसीदल' म्हणूनच हाक मारायची. एकीचं घर ते दुसरीचं माहेर. रक्ताच्या नात्याहून काकणभर जास्तच.

"मंग तं झालं!" जानकाबाई उठल्याच.

एक म्हातारेबुवा आडवे आले. सुतकात असलं शुभकार्य कसं होईल?

"सुतक तिले हाय, मले नाई. देवाले काई म्हनाचं असन तं मले म्हनन तो. मले शिकवून राहिले का?"

फुलबसनला विचारलं. तिनं जानकाबाईंकडे बघून होकाराची मान हलवली. बाईंनी आपल्या अंगणातली तुळस आणवली. साक्षीदार हवा होता, म्हणून डॉक्टरांच्या हातात नारळ दिला. बाहेर गाडी येऊन उभी राहिली होती आणि ज्यांनी ती मागवली ते नारळ धरून उभे होते. दोघींनी तुळस ठेवली. मग जानकाबाईंनी घास पुढे केला, "खाय, तुलसीदल."

तिनं खाल्ला. आणि मग जो हंबरडा फोडला, तो अख्ख्या शाळेनं ऐकला. नवऱ्याचं नाव घेऊन घेऊन रडली. डॉक्टरांचा हात गोळ्यांच्या पेटीकडे गेला. जानकाबाईंनी मनगट धरलं.

"थांबा. आता ते बरी होऊन राहिली."

डॉक्टर थांबले. थोड्या वेळानं स्वतः बाहेर जाऊन त्यांनी गाडी परत पाठवली. नंतर त्या शाळेत ते गोळी द्यायच्या आधी विचारायला लागले, "तुमच्यात अशा वेळी काय करतात?" रस्ता मोकळा झाल्यावर फुलबसनचे भाऊ बैलगाडीनं आले. ती त्यांना दारातच भेटली.

पावसाळा संपता संपता एका सकाळी फुलबसन आमच्या गल्लीत आली. हातात झाकलेली थाळी. जानकाबाईंकडे शिरली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि शेगडीवर तळहात धरला. शेगडी चांगली तापलेली होती. तिनं तांब्या उचलला आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं. घरभर वाफ आणि राख.

मी धावत गेलो. वाटलं, आता महाभारत होणार. पण जानकाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

दारात श्रीधर हळूच म्हणाला, "आईनं तिले शाळेत सांगतलं असन. बाबा रेल्वेच्या लाइनवर होते, जंगलात, तंबूत. तापानं गेले. सायेबलोक हार घालून गेले, ताट घेऊन कोनीच नाई आलं. मी लहान होतो, भूक भूक करून रडत होतो. मंग ज्या दिवशी चूल थंडी ठेवाची, त्याच दिवशी आईनंच पेटवली. तवापासून ते लोकायच्या चुली पाहाते. थंडी दिसली का तिचा जीव घाबरते."

आत फुलबसननं थाळी उघडली. भात आणि बिनफोडणीचं वरण. "मुंहु खोल, तुलसीदल."

सगळ्या सेक्टरला शिकवणाऱ्या जानकाबाईंनी मुकाट्यानं तोंड उघडलं. घास गिळला आणि लहान पोरीसारख्या रडायला लागल्या.

"मीठ नाई याच्यात," रडता रडता म्हणाल्या, आणि पुढच्या घासासाठी पुन्हा तोंड उघडलं.