वापरलेली कॉइल

सुजीतची मोटारसायकल अबुधाबीत, रीम आयलंडच्या पार्किंगमध्ये मुकी उभी होती, आणि वर फ्लॅटमध्ये सुजीतची गतही तीच. मुलाच्या शाळेसाठी बायको प्रज्ञा रेयांशला घेऊन पुण्याला गेली, तेव्हापासून घरात आवाज करणारा फ्रिज तेवढा उरला होता. माणसं भेटतील, चार शब्द होतील म्हणून रायडिंग ग्रुपसाठी त्यानं ही जुनी गाडी घेतली. तर हिची ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइलच गेली!

नवी मिळेना. ऑनलाइन शोधता शोधता मुसफ्फाच्या गॅरेजवस्तीतल्या कुणा अन्वरकडे वापरलेली सापडली. सुजीतनं लगेच फोन लावला, आपल्या अस्सल पुणेरी हिंदीत.

"भाई, बराबर बसेगी ना?"

"हबीबी, एकदम बसेगा!"

बसली नाही. बदलून आलेली बसली, पण ठिणगी पडेना. मग फोनवर कडाक्याचं भांडण झालं, तेही हिंदीतच, म्हणजे दोघांनाही धड रागावता येईना. शेवटी "खलास, मैं खुद आता है," म्हणून शुक्रवारी संध्याकाळी अन्वर तिसरी कॉइल घेऊन हजर झाला.

ती बसवून, प्लगची वायर हातात धरून तो म्हणाला, "मैं बोलेगा तब सेल्फ मारना."

सुजीतला दम कुठला! दाबलंच बटण.

"आये गं! मेलो, मेलो!" शॉक बसून अन्वर ओरडला.

"अहो, तुम्ही मराठी?"

"राजापूरचा! नि तुम्ही?"

"पुण्याचा. धायरी."

"मग इतके दिवस हिंदीत का भांडलात ओ माझ्याशी?"

"सुरुवात तुम्ही केलीत!"

"मी? फोन कोणी लावलान पहिला?"

हात झटकत अन्वर हसायला लागला. मग दोघं तिथेच कठड्यावर बसले. अन्वरच्या खोलीवर सगळे मल्याळी. भली माणसं, पण कुळथाची पिठी म्हणजे काय हे त्यांना कितीदा समजावणार? सुजीत धायरीतल्या सोसायटीच्या पाण्यापासून रेयांशच्या गणितापर्यंत बोलत सुटला. त्याला इतकं बरं वाटलं, की स्वतःचीच कीव आली.

नंतर अन्वरनं वायर जोडली आणि गाडी पहिल्या झटक्यात धडधडायला लागली.

"झालं तुमचं काम," म्हणत तो पाने गोळा करू लागला. सुजीत घाईनं पुढे झाला.

"अन्वरभाई, हॉर्न आहे का हो तुमच्याकडे? वापरलेला?"

अन्वरनं गाडीच्या हॉर्नचं बटण दाबलं. सगळं पार्किंग दणाणलं.

"हा झकास वाजतोय की!"

"वाजू दे. तुम्ही पुढच्या शुक्रवारी दुसरा घेऊन या."

अन्वरनं पाने पिशवीत टाकता टाकता त्याच्याकडे बघितलं.

"आणतो," तो म्हणाला. "पण आधीच सांगून ठेवतो, तो बसायचा नाय."