भालबाच्या जीपचे दिवे

बाळांनो, एका जंगलात एक जीप होती. जंगलात जीप कुठून आली, असं विचारायचं नाही. तिथे ग्रामपंचायत होती, मग जीप असायला काय हरकत आहे?

ही जीप भालबा अस्वलाची. भालबा मधाचे डबे घेऊन बाजाराला जायचा आणि तिन्हीसांजेला परतायचा. स्वभावाने घुमा. समोरून कुणी आलं तरी ओळख दाखवायचा नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नसे. वाईटही बोलत नसे. कुणी बोलतच नसे.

एका पावसाळ्यानंतर जीपचे पुढचे दिवे फडफडायला लागले. खड्डा आला की विझायचे, पुढच्या खड्ड्याला पुन्हा लागायचे. गाड्या दुरुस्त करणाऱ्या माकडाने दोन्ही बल्ब बदलले. फडफड तशीच.

त्या संध्याकाळी समोरून सावळाराम ससा येत होता. दिवे दोनदा विझले, दोनदा लागले. सावळाराम घरी जाऊन बायकोला म्हणाला, "आज भालबांनी मला लाईट मारून नमस्कार केला."

"तुम्हाला?"

"दोनदा."

दुसऱ्या दिवशी हरणांना तीन नमस्कार मिळाले. हत्तीला एकच मिळाला, म्हणून तो तिसऱ्या दिवशी मुद्दाम खड्ड्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला पाच मिळाले. "दारात जीप आहे, पण गर्व नाही," असं जो तो बोलू लागला. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती. सरपंचपदासाठी रंगोबा कोल्हा वर्षभर दारोदार फिरत होता. आता सगळे भालबाचं नाव घेऊ लागले.

भालबाला यातलं काही कळेना. पण बरं वाटत होतं. तो ओढ्याच्या पाण्यात बघून हसण्याचा सराव करू लागला.

मग एका संध्याकाळी वळणावर दिवे विझले आणि लागलेच नाहीत. भालबाने घाबरून ब्रेक दाबला. जीप थांबली. गचक्यासरशी दिवे लागले. बंपरपासून वीतभर अंतरावर सावळारामची तीन पिल्लं हात जोडून उभी होती.

"नमस्कार, काका," पिल्लं म्हणाली.

भालबाने जीप घरापर्यंत ढकलत नेली.

सकाळी तो साळू साळिंदरणीकडे गेला. ती जंगलातली जुनी मिस्त्री.

"एक दिवा फडफडतो की दोन्ही?" साळूने विचारलं.

"दोन्ही. एकदमच."

"मग दोन्ही बल्ब एकदम कसे बिघडतील? दोघांचं मिळून जे एक आहे, तिथे बघायचं."

तिने दिवे लावायला सांगितले आणि बॉनेट उघडून एकेक वायर हलवली. एका जाड वायरीला हात लागताच दिवे फडफडले.

"ही अर्थिंगची वायर. गाडीच्या अंगाला बोल्टने धरलेली असते. पावसात गंजली आणि सैल झाली."

साळूने बॅटरीची जोडणी सोडली. मग अंगावरचा एक काटा उपसून गंज खरवडला आणि बोल्ट आवळला. बॅटरी जोडून दिवे लावले. जीप गदगदा हलवली तरी दिवे फडफडले नाहीत. भालबाचे डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी त्याला सगळा रस्ता दिसला. दगड दिसले, खड्डे दिसले, कडेने चाललेले शेजारीही दिसले. शेजाऱ्यांना मात्र राग आला.

"डोळे वटारून गेला," हरणं म्हणाली.

"अजून निवडून आला नाही, तर ही तऱ्हा," हत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भालबा सावळारामच्या दारी गेला. "अहो, तो नमस्कार नव्हता. वायर सैल होती."

"म्हणजे तुम्ही खड्ड्यांना नमस्कार करत होता?"

"तुमची मुलं माझ्या चाकाखाली येत होती हो."

"मुलं काल रडत घरी आली," सावळाराम म्हणाला. "काकांनी ओळख दाखवली नाही म्हणून."

आता रंगोबा कोल्हा हुशार. त्याने मामाची मोटार मागून आणली आणि माकडाकडून तिची अर्थिंगची वायर सैल करून घेतली. आठ दिवस तो जंगलभर लुकलुकत फिरला. कुणी विचारलं, "भालबाचं काय?" तर रंगोबा नुसता सुस्कारा सोडायचा.

मतं पडली. रंगोबा सरपंच झाला. गुलाल उधळत मिरवणूक निघाली, पुढे रंगोबाची मोटार. वळणावर दिवे विझले. मोटार रस्ता सोडून सरळ ओढ्यात जाऊन उलटली.

खालून रंगोबा ओरडत होता. उलट्या मोटारीचे दिवे लागत होते, विझत होते. काठावर सगळे हात जोडून उभे राहिले.

"अशा प्रसंगीही विसरले नाहीत आपल्याला," हत्ती गहिवरून म्हणाला.

तेवढ्यात भालबाची जीप आली. त्याने दिव्यांचा झोत ओढ्यावर धरला, जीपला दोर बांधला, खाली उतरला आणि रंगोबाला पाठीवर घेऊन वर चढू लागला. अर्ध्यावर आला तेव्हा सावळारामने वाकून हाक मारली.

"भालबा, ते दिवे आधी बंद करा. साहेबांच्या डोळ्यांवर येतायत."

तात्पर्य : गाडीचे दिवे फडफडत असतील तर अर्थिंगची वायर ताबडतोब घट्ट करून घ्यावी. निवडणुकीला उभे असाल, तर मतमोजणीनंतर.