आकडा जुळेपर्यंत

निःपक्षपातीपणा हा प्रत्येक संस्थेचा पाया असतो; पाया असल्यामुळे तो जमिनीखाली असतो आणि कुणाला दिसत नाही.

निसर्गाचा मात्र पायाच कच्चा. अणू चक्क डाव्या-उजव्यात भेद करतो. तापलेल्या धातूच्या वाफेतून लेसरचा प्रकाश सोडला, की त्याच्या कंपनाची दिशा किंचित एका बाजूला वळते. किंचित म्हणजे घड्याळाचा तासकाटा सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात सरकतो, तेवढी. हे वळण मोजण्यात प्रयोगशाळेतल्या बाईंची नऊ वर्षं गेली होती. (आई फोनवर विचारायची, "अगं, अजून तुझं ते डावं-उजवंच चाललंय?")

माणसाच्या मनाचा कल मोजमापात उतरू नये म्हणून तिथे एक उत्तम पद्धत होती. संगणक प्रत्येक नोंदीत एक गुप्त आकडा मिसळायचा. तो आकडा बंद पाकिटात, पाकीट भांडारपालाच्या कपाटात. सगळ्या तपासण्या संपल्यावरच पाकीट फोडायचं.

ते फोडलं. गुप्त आकडा वजा केल्यावर अणूचा पक्षपात सिद्धांतापेक्षा एक तृतीयांश जास्त निघाला. संस्थेच्या तपासणी समितीने तत्परतेने चुका शोधायला घेतल्या. नळीची काच तिरकी आहे: फरक कमी झाला, दुरुस्ती मंजूर. शेजारची लिफ्ट हलली की चुंबकक्षेत्र हलतं: फरक वाढला, दुरुस्ती पुढील अभ्यासासाठी राखीव. अशा एकतीस दुरुस्त्यांपैकी चौदा मंजूर झाल्या आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी आकडा सिद्धांताला जाऊन चिकटला. त्याच क्षणी प्रयोगातल्या चुका संपल्या. (तसा ठरावच आहे.)

"उरलेल्या सतराही धरू या ना, सर," बाई म्हणाल्या.

"अहो, जुळलंय ना सगळं?" संचालक कळवळून म्हणाले. "आता कशाला खाजवून खरूज काढता? सही करा. पहिलं नाव तुमचंच आहे."

बाईंना ते पहिलं नाव फार हवं होतं. पेनाचं टोपण काढून त्या बराच वेळ बसल्या, आणि मग त्यांनी टोपण परत लावलं. त्यांना अतिशय वाईट वाटलं. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यांचं नाव आभारात, एसी दुरुस्त करणाऱ्याच्या खाली होतं. ही मांडणी वयानुसार असल्याचं संस्थेने कळवलं.

हे वाचून तुम्हाला समितीचा राग आला असेल, आणि बाईंचा पहिला आकडाच खरा होता याची खात्रीही पटली असेल. वस्तुतः सगळ्या दुरुस्त्या धरून काय आलं असतं, हे कुणालाच ठाऊक नाही. बाईंनाही नाही, म्हणून तर त्यांनी सही केली नाही. तुम्ही मात्र चौथ्या परिच्छेदातच निकाल लावून मोकळे झालात. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. अर्ज करा.