मेंबरआबा आणि शाळेची कौलं

मेंबरआबांच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. समोरच्यानं काही बोलायचा अवकाश, की हात वर करून ते म्हणत, "मंजूर!" एकदा सुतारांची विठा रडत रडत आली. "आबा, आमचा म्हातारा गेला वो!" आबा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मंजूर!" विठा निघून गेल्यावर पडवीतली माणसं पोट धरधरून हसली. मला मात्र हसू आलं नाही. कारण तोवर आमच्या शाळेचं छप्परही आबांनी तीनदा मंजूर केलं होतं.

मी त्या शाळेचा मास्तर. मूळचा तळेगावचा, पण बदली झाली कार्ल्यापासून कोसभर आतल्या त्या गावात. ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शाळा म्हणजे चार भिंती आणि वर कुजलेलं गवत. मावळातला पाऊस, तो काय गवताला जुमानतोय? पोरं वर्गात इरली घालून बसायची. अहो, डोक्यावरून पाठीवर उतरणारं ते पानांचं इरलं भातलावणीसाठी असतं, बाराखडीसाठी नव्हे! मी ‘क’ म्हणायचो आणि समोरून चाळीस कासवं ‘क’ म्हणायची. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. गावाला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं.

श्रावणात दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले. वर्गात छत्री उघडून उभे राहिले आणि शेरा लिहून गेले : पुढच्या मृगापर्यंत छप्पर झालं नाही, तर शाळा बंद. बंद म्हणजे कायमची बंद. पोरं गुरांमागे जाणार. कार्ल्याच्या शाळेत जायचं तर मध्ये चार महिने दुथडी भरलेला ओढा.

आबा शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डाचे मेंबर. दोनदा निवडून आलेले. कामानं नव्हे, मंजुरीनं! धोतरावर काळा कोट, डोक्याला फेटा आणि खिशात बंद पडलेलं घड्याळ. कोणी वेळ विचारली तर घड्याळ काढून गंभीरपणे बघायचे आणि सूर्याकडे पाहून वेळ सांगायचे. वडगावला मामलेदारांनी एकदा बसायला खुर्ची दिली, तर ती खुर्ची पडवीतल्या गप्पांना वर्षभर पुरली. आता रावसाहेब व्हायचं तेवढं राहिलं होतं.

दिवाळीनंतर एकदाची बोर्डानं कौलं पाठवली. लोणावळा स्टेशनवरून चार गाड्या भरून मंगलोरी कौलं आली. प्रत्येक कौलाच्या पोटावर कोंबड्याचा छाप. आबांनी बैलांना हार घातले, स्वतःलाही घालून घेतला, आणि गाडीवर चढून भाषण ठोकलं, "मंडळी, ही कौलं न्हाईत, ही इद्या हाय!" टाळ्या झाल्या. सुतार वासे घालीपर्यंत विद्या आबांच्या परसात रचून ठेवली.

शिमग्याला वासे तयार झाले. मी कौलं आणायला परसात गेलो, तर तिथं दोन कोंबड्या माती उकरत होत्या. कौल एक नाही!

"आबा, कौलं कुठं आहेत?"

"येत्याली की मास्तर. घाई कशापाई?"

मी त्यांच्या पडवीत उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. घरी येऊन अर्ज खरडला. गावकऱ्यांनी भराभर अंगठे उठवले. "लय खाल्लं मेंबरानं," पाटील म्हणाले. "पोरांच्या तोंडचं खाल्लं," विठाचा भाऊ म्हणाला. मला वाटलं, चला, गावाला जाग आली.

चैत्रात पुण्याहून चौकशीला अधिकारी आले. पाटलांच्या ओसरीवर बैठक बसली. नमुन्याचं एक कौल अधिकाऱ्यांनी हातात धरलं, उलटं केलं, कोंबडा पाहिला. मग सहज आढ्याकडे बघितलं. वर ओळीनं कोंबडेच कोंबडे!

पाटलांना घाम फुटला. अधिकारी उठले आणि घरोघर मान वर करत हिंडले. विठाच्या चुलीवर कोंबडे. तिच्या भावाच्या गोठ्यावर कोंबडे. देवळाच्या पाठीमागच्या खोलीवरही. ज्यानं त्यानं कधीतरी जाऊन म्हटलं होतं, आबा, पावसात गोठा गळतो. आबा, पडवी उघडी आहे. आणि आबा हात वर करून मोकळे!

"कुणी दिली?" ओसरीवर परत येऊन अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बाजारातनं आनली सायेब," सगळे एका सुरात. नाकानं कांदे सोलणारे हे लोक! अर्जावरच्या अंगठ्यांची शाईसुद्धा धड वाळली नव्हती.

अधिकारी आबांकडे वळले. "बोला मेंबर. कोणाकोणाला दिलीत? नावं सांगा."

आबांनी ओसरीभर नजर फिरवली. एकेका तोंडावरून. माझ्याही. मग म्हणाले, "म्याच उचलली सायेब. ह्यांस्नी ठाव न्हवतं. ह्यांचा काय दोष न्हाई."

मेंबरकी गेली. रावसाहेबी गेली. ‘कौलचोर’ हे नाव मिळालं, आणि ते सगळ्यात मोठ्यानं घेत होते कोंबड्यांखाली झोपणारे! मी दारोदार फिरलो, म्हटलं, निदान आता तरी परत द्या. "कंची कौलं?" म्हणून विचारत होते. थूः! मृगाला पंधरा दिवस राहिले होते.

शेवटी राग काढायला मी आबांकडेच गेलो. जिथं वीस-वीस माणसं सुपारी चघळत बसायची, त्या पडवीत आबा एकटे बसले होते.

"नावं का नाही सांगितलीत?" मी ओरडलो.

"बायको गेली, मास्तर, तवापासनं घरात बोलाया मानूस न्हाई. ही पडवी भरायची, तेवढंच. न्हाई म्हनलं की मानूस उटून जातंय. म्हनून कवा म्हनलोच न्हाई."

"म्हणून पोरांच्या डोक्यावरचं छप्पर वाटून टाकलंत?"

आबांनी वर आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. चुकलो. उद्या सुताराला घिऊन या."

मी मनात म्हटलं, झाली यांची आणखी एक थाप! तरी सकाळी सुताराला घेऊन गेलो. आबा स्वतःच्या घरावर चढले होते. साठीचा माणूस, धोतराचा काचा मारून, बापानं घातलेली जुनी गावठी कौलं एकेक सोडवत होता.

"आबा, उतरा खाली! तुम्ही राहणार कुठं?"

"गोठा हाय की. येवड्या घरात येकटा काय करू? ह्या कौलांखाली पोरं तरी बसत्याल."

तीन दिवस आम्ही कौलं वाहिली. गाव लांबून बघत होतं. शाळा शाकारून झाली. फक्त एका कोपऱ्याला कौलं कमी पडली. तीस-चाळीस असती, तर भागलं असतं. मी खाली मान घालून उभा होतो. आबा जवळ आले आणि सुताराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तुमच्या सैपाकघरावरली ऱ्हाऊ द्या, मास्तर. बाळ ल्हान हाय."

पौषात मीच त्यांना म्हणालो होतो, आबा, बाळ तान्हं आहे आणि पावसात स्वैपाकघर गळतं. दुसऱ्या दिवशी कौलं दारात आली. कुठली, ते मी विचारलं नाही. ठाऊक नव्हतं म्हणालो, तर जीभ झडेल माझी. अर्जावर पहिली सही माझीच होती, म्हणून अधिकाऱ्यांनी माझं घर तेवढं सोडलं होतं.

तो कोपरा आम्ही गवतानं शाकारला.