शिव्या खाण्यास पात्र उमेदवार

फुटबॉल क्लबला प्रशिक्षक कशासाठी लागतो, याबद्दल सुशिक्षित लोकांतही बरेच गैरसमज आहेत. काहींना वाटतं, खेळाडूंना शिकवण्यासाठी. खेळाडू शिकत नाहीत, हे केनियातल्या किसुमू शहरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. प्रशिक्षक लागतो तो प्रेक्षकांसाठी. आठवडाभर साहेबाचं, बायकोचं आणि पाणीपुरवठा खात्याचं निमूट ऐकून घेणाऱ्या माणसाला रविवारी दुपारी कोणाला तरी मोठ्यानं बोलता आलं पाहिजे. साहेबाला बोललं तर नोकरी जाते, बायकोला बोललं तर जेवण जातं, आणि पाणीपुरवठा खात्याला बोलून काहीच होत नाही. उरतो प्रशिक्षक.

न्यांडो स्टार्स क्लबनं ही सामाजिक जबाबदारी कधीच टाळली नव्हती. गेल्या सहा वर्षांत क्लबनं अकरा प्रशिक्षक नेमले आणि बारा काढले. (बारावा हा चुकून मैदानात शिरलेला विमा एजंट होता. पण त्याच्या गळ्यात शिट्टी होती, आणि प्रश्न लोकभावनेचा होता.) अकरावा गेल्या महिन्यात मागच्या फाटकानं गेला, आणि क्लबच्या कार्यकारिणीनं नव्या माणसाचा शोध सुरू केल्याचं जाहीर केलं. शोध म्हणजे कार्यकारिणी एका हॉटेलात बसून तळलेला मासा खात असे. खरा शोध फाटकासमोरच्या आंब्याखाली चालू होता.

तिथं बुंगे भरते. बुंगे म्हणजे संसद. पण सरकारी संसदेत लोक बसतात, इथं उभे राहतात. जो उभा तो सभासद, जो बाकावर बसला तो नुसता प्रेक्षक, त्याला मत नाही. वर्तमानपत्र ज्याच्या हातात, त्यालाच बोलण्याचा हक्क. ते कालचं असलं तरी चालतं, कारण वाचायचं नसतं. देशाचं राजकारण बुंगे सकाळीच उरकून टाकते. सगळे चोर आहेत, हा ठराव रोज एकमतानं मंजूर होतो, मग दिवस फुटबॉलला मोकळा.

या बुंगेचे सभापती होते म्झे रागोट ओपोंडो. म्झे ही पदवी वयामुळे मिळते, पण रागोटना ती आवाजामुळेही शोभत असे. जन्मभर त्यांनी कोर्टानं जप्त केलेल्या मालाचे लिलाव पुकारले होते: सोफे, फ्रीज, गाई, एकदा एक अख्खं सलून. निवृत्तीनंतर हा आवाज त्यांनी न्यांडो स्टार्सला वाहिला. एका प्रशिक्षकानं राजीनाम्यात प्रकृतीचं कारण दिलं होतं, तेव्हा बुंगेनं रागोटचं अभिनंदन केलं. घरी रागोट मवाळ होते. घरी त्यांना विचारत कोण होतं?

उमेदवारांची छाननी शास्त्रशुद्ध झाली. उपसभापती ओबुरा, धंद्यानं मोटारसायकल टॅक्सीवाला, यानं परदेशी माणसाचं नाव पुढं केलं.

"गोरा आणू. गोरा आला की पेपरात फोटो येतो."

"आणि बोलायचं कोणत्या भाषेत?" रागोटनी विचारलं. "मागच्या गोऱ्याला मी त्याच्या आजोबांपर्यंत नेऊन पोचवलं. तर तो हात हलवून थँक्यू म्हणाला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही."

परदेशी उमेदवार बाद. दुसरा उमेदवार रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रवचन देत असे. सकाळी ज्याच्यापुढं मान खाली घातली, त्यालाच दुपारी गाढव म्हणणं अनेकांना जड जाईल, असं आढळलं. तिसरा क्लबचा जुना नामांकित गोलंदाज, म्हणजे गोल मारणारा. त्याला बोलायला उठलं की लोकांना त्याचे जुने गोल आठवतात आणि डोळे भरून येतात. रडणारा माणूस नीट शिव्या देऊ शकत नाही.

उरला सिमिऑन ओग्वेनो, सियायाकडच्या एका शाळेचा क्रीडाशिक्षक. रागोटनी वर्तमानपत्र उंच धरलं.

"हा आपला माणूस आहे. आपली भाषा त्याला कळते, म्हणजे एक शब्द वाया जाणार नाही. अठरा वर्षं मास्तर आहे, म्हणजे ऐकून घ्यायची सवय आहे. खांदे पाहिलेत? कितीही टाका, पेलेल. मी शब्द देतो, याच्यावर माझा आवाज कारणी लागेल."

ठराव मंजूर. शिष्टमंडळ हॉटेलात गेलं. कार्यकारिणीचा मासा संपत आला होता आणि दुसरं नाव कोणालाच सुचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सिमिऑन ओग्वेनोची नेमणूक झाली.

त्याच संध्याकाळी रागोट मक्याच्या पिठाची उगाली आणि भाजी घेऊन बसले असताना त्यांची मुलगी अकेयो समोर येऊन बसली.

"बाबा, शनिवारी पाहुणे येणारेत. मला मागणी घालायला. या वेळी नक्की."

"तीनदा नक्की झालं होतं. हा मुलगा आहे तरी कोण? दर वेळी आयत्या वेळी ढकलतो."

"नोकरीचं अडलं होतं त्याचं. आज मिळाली." अकेयोनं भाजी त्यांच्यापुढं सरकवली. "तुम्हीच मिळवून दिलीत म्हणे. झाडाखाली मोठं भाषण केलंत."

रागोटच्या हातातला घास हातातच राहिला. मुलीचं कोणाशी जमलंय ही बातमी आधी मावशीला, मग आईला आणि सगळ्यात शेवटी बापाला कळावी, ही रीतच आहे, आणि ती काटेकोरपणे पाळली गेली होती. मिन अकेयो, म्हणजे अकेयोची आई, चुलीकडे तोंड करून उभी होती. तिला गेल्या नाताळापासून माहीत होतं.

इथं रागोटच्या लुओ जमातीचा कायदा सांगणं भाग आहे. सासऱ्यानं जावयावर आवाज चढवायचा नाही. त्याच्यावर चारचौघांत रागवायचं नाही. रागच आला तर वाट बदलायची. शब्द गेला तर नातं तुटतं, आणि मुलीचं घर त्या नात्यावर उभं असतं. या कायद्याला अपवाद नाहीत. स्टेडियमचाही नाही.

दुसऱ्या दिवशी बुंगेत घटनात्मक पेच उभा राहिला. सभापतीच गप्प राहणार, तर बाकीच्यांनी ओरडायला सुरुवात कोणाच्या मागून करायची? तोडगा ओबुरानं काढला.

"म्झे, लग्न पुढं ढकला. आपल्याकडे प्रशिक्षक सरासरी साडेसहा महिने टिकतो. त्याला काढला की लावा मांडव. तुमचाही हंगाम वाया जात नाही, पोरीचाही."

रागोटना यात खोट दिसली नाही. रात्री त्यांनी तो ठराव घरी मांडला.

"म्हणजे त्याला काढल्यावर लग्न?" अकेयोनं विचारलं.

"हो."

"आणि तेव्हा तो बेकार असेल. बेकार माणसाला मुलगी द्याल?"

रागोटनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग मी लग्न करायचं कधी?" तिनं ताट उचललं. "बाबा, जन्मभर लोकांचे सोफे पुकारलेत. मला तरी लिलावात काढू नका."

ती आत गेली. रागोटना त्या रात्री झोप लागली नाही. पोर आपल्यावर रुसली याचं दुःख होतंच. पण तिचं म्हणणं बरोबर होतं, हे त्याहून लागलं होतं.

शनिवारी पाहुणे आले. सिमिऑन मान खाली घालून बसला, रागोट भिंतीकडे बघत बसले, दोन्हीकडच्या काकांनी बोलणी केली आणि मागणी मान्य झाली. रविवारी सामना होता.

उत्तरार्धात सिमिऑननं डाव्या बाजूच्या, लोकांच्या लाडक्या पोराला बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी कोणा अनोळखी काडीपैलवानाला आत धाडलं. स्टँड उभा राहिला. शेकडो माना रागोटकडे वळल्या. रागोटही उठले. त्यांच्या घशाशी वाक्य तयार होतं, आणि ते चांगलं वाक्य होतं. त्यात सिमिऑन होता, त्याची शाळा होती आणि एक शेळी होती. खाली सिमिऑननं वर पाहिलं. शेजारी अकेयो बसली होती. तिनं बापाच्या कोटाचं टोक मुठीत धरलं, लहानपणी बाजाराच्या गर्दीत धरायची तसं.

रागोटनी तोंड उघडलं, मिटलं, आणि ते खाली बसले. आवाजापेक्षा ही पोर आपल्याला जास्त प्यारी आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि इतक्या उशिरा कळल्याची लाजही वाटली. मग करण्यासारखं दुसरं काहीच न उरल्यामुळे त्यांनी सामना पाहिला.

सोमवारी बुंगेत त्यांनी निवेदन केलं. "नवा डावा बॅक चांगला खेळतो. आणि तो बदल बरोबर होता. बाहेर काढलेलं पोरगं लंगडत होतं."

आंब्याखालच्या सगळ्यांनी ओबुराकडे पाहिलं.

"तुम्हाला कसं कळलं?" ओबुरानं विचारलं.

"बघितलं."

"काय, सामना?"

"हो."

आरोप गंभीर होता आणि आरोपीनं तो कबूल केला होता. रागोटनी वर्तमानपत्र ओबुराच्या हाती दिलं आणि ते बाकावर जाऊन बसले. त्यांना वाईट वाटलं का? वाटलं. अजूनही वाटतं. पण अकेयोच्या लग्नात ते नाचले, आणि जावयाशी त्यांनी आजवर एकही वाकडा शब्द काढलेला नाही.

सभापतिपद सध्या रिकामं आहे. अर्जदाराचा आवाज खणखणीत असावा, त्याला उपवर मुलगी नसावी, आणि मैदानात काय चाललंय याची अजिबात दखल न घेण्याचा त्याला दीर्घ अनुभव असावा. केनियाबाहेरच्यांनीही अर्ज करायला हरकत नाही. मराठी वाचकांची तर छाननीसुद्धा पुरी झाली आहे: त्या रविवारी न्यांडो स्टार्स जिंकले की हरले, हे इथपर्यंत तुम्ही एकदाही विचारलेलं नाही. उद्या सकाळी झाडाखाली हजर राहावं.