सागवानी रेडिओग्राम आणि पांढरा खांब

एका जंगलात, मुलांनो, एक नियम होता. दिवाणखान्यातल्या गाण्याच्या यंत्राला हात लावायचा नाही. का, ते विचारायचं नाही. नियम कोणी केला, तेही विचारायचं नाही. तुमच्या घरीही असे नियम असतील. नसतील, तर तुम्ही अजून फार लहान आहात. थोडं थांबा.

या जंगलात साळिंदरांचं एक घर होतं. होतं बीळच, पण दिवाणखाना असल्यामुळे त्याला बंगला म्हणायचे. या बंगल्यात शलाका नावाची मुलगी राहायची. ती टेकडीवरच्या कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकून आली होती. आवाज कसा निघतो, कुठवर पोचतो आणि कुठे अडकतो, हे तिला नीट ठाऊक होतं. घरात आपला आवाज कुठे अडकतो, हेही.

तो अडकायचा अप्पांपाशी. अप्पा म्हणजे तिचे आजोबा. शलाकाला आई-बाबाही होते, पण अप्पा बोलत असले की ते दोघं फक्त माना डोलवायचे. आणि अप्पा नेहमीच बोलत असायचे.

दिवाणखान्यात अप्पांचा रेडिओग्राम होता. एकाच सागवानी कपाटात रेडिओ आणि त्याच्यावर तबकडी वाजवायचं यंत्र. त्याचे पाय निमुळते होते. बटणं पितळी होती. पुढच्या काचेच्या पट्टीवर स्टेशनांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेली होती : पाणवठा, करवंदीचा माळ, सिंहगुहा. लाल काटा पाणवठ्यावर थांबलेला होता. शलाका जन्मली तेव्हाही तो तिथेच होता. वरून बनूआत्याने विणलेला क्रोशाचा रुमाल. दर रविवारी आत्या तो उचलायची, खोबरेल तेलाचा बोळा लाकडावर फिरवायची आणि पुन्हा अंथरायची.

पाहुणे आले की अप्पा पडदे ओढायचे आणि कळ दाबायचे. काचेच्या पट्टीमागे मधाच्या रंगाचा उजेड पसरायचा. कोपऱ्यात एक हिरवा डोळा लुकलुकायचा. पाहुणे श्वास रोखून बघत राहायचे.

"वा! काय दिसतो हो!"

"दिसणारच," अप्पा म्हणायचे. "हल्लीच्या डब्यांना ही सर नाही."

खरं सांगायचं तर शलाकालाही तो फार आवडायचा. लहानपणी ती त्या हिरव्या डोळ्यासमोर तासन्‌तास बसायची. इतकं देखणं यंत्र बोलेल तेव्हा काय बोलेल, या विचाराने तिच्या अंगावरचे काटे शहारायचे. कॉलेजात पहिली आली तेव्हा तिला रातकिड्यांच्या वाद्यवृंदाची तबकडी बक्षीस मिळाली होती. ती तिने अजून ऐकली नव्हती.

"अप्पा, एकदा लावू या ना."

"लावलेलाच आहे की. दिवा दिसत नाही?"

"दिसतो. ऐकू येत नाही."

"बनू," अप्पा म्हणायचे, "हिच्यासाठी स्थळं बघायला लागा."

तर स्थळं बघायला लागले.

जंगलात एक भारद्वाज होता. हा पक्षी दिसला की दिवस चांगला जातो, असं सगळे मानायचे. म्हणून त्याने लग्नं जुळवायचा धंदा काढला. त्यात त्याला वेगळं काही करावं लागत नव्हतं. नुसतं दिसायचं.

या जंगलात पत्रिका नंतर बघत. आधी यंत्राचा फोटो. शलाकालाही रेडिओग्रामशेजारी उभं करून फोटो काढला. तिच्या खांद्याआड एक पितळी बटण जात होतं. बनूआत्याने तो खांदा कात्रीने कापून टाकला आणि मग फोटो पाठवला.

"पसंत!" भारद्वाजकाका दुसऱ्याच दिवशी सांगत आले. "ओढ्यापलीकडच्या माई. एकुलता एक मुलगा, निनाद. पण अप्पासाहेब, त्यांचं सगळं आधुनिक आहे बरं का."

"म्हणजे मुलगा शिकलेला आहे?" शलाकाने विचारलं.

"यंत्र आधुनिक आहे," भारद्वाजकाका म्हणाले. "मुलाचं काही विचारलं नाही मी."

ठरल्या दिवशी माई आल्या. मागून निनाद आला. त्याच्या खांद्यावर शालीत गुंडाळलेलं त्यांचं यंत्र होतं. मुलगी बघायला जाताना ते बरोबर न्यायची तिथली रीत होती. बनूआत्याने यंत्राला पाट मांडला. निनाद सतरंजीवर बसला.

माईंनी शाल काढली. आत एक पांढराशुभ्र खांब होता. त्याला ना बटण, ना काच, ना झाकण. सगळीकडून गुळगुळीत कापड. बुडाशी निळ्या उजेडाची बारीक कड.

अप्पांनी चष्मा लावला. चष्मा काढला.

"हे दुधी भोपळ्यासारखं काय आहे?"

"याला साधेपणा म्हणतात," माई म्हणाल्या. "आपलं यंत्र खोलीत आहे हे कळूसुद्धा नये. खरी शोभा तीच. नाहीतर काही घरांत बाई, कपाट आहे की यंत्र तेच समजत नाही."

"कपाट? सागवान आहे ते!"

"असेल. मला वाटलं, कपडे ठेवता की काय."

"आणि हा खांब कशाला? ओले टॉवेल वाळत घालायला?"

पोहे गार होत गेले. अप्पा पितळेवर बोलले, माई पांढऱ्या रंगावर. अप्पा म्हणाले, वस्तूला वजन हवं. माई म्हणाल्या, वजन जुन्या वस्तूंना असतं आणि जुन्या माणसांना. आई-बाबा दोघांच्याही बोलण्यावर माना डोलवत होते, त्यामुळे त्यांच्या माना दुखायला लागल्या.

निनाद शलाकाकडे वळून हळूच म्हणाला, "तुम्हाला गाणी आवडतात असं ऐकलं. म्हणजे... ऐकायला?"

"हो. तुम्हाला?"

"आमच्याकडे बघतात."

शलाका उठली. आत जाऊन तबकडी घेऊन आली.

"अप्पा, माई, एक मिनिट. माझं लग्न ठरवताय ना? मग माझी एकच अट आहे. या दोघांपैकी एक काहीतरी वाजवून दाखवा. कोणतंही. मग मी हो म्हणते."

"शलाके!" अप्पा ओरडले.

"मुलगी फारच बोलते," माई म्हणाल्या.

"अहो, पण दिसते छान," भारद्वाजकाका घाईघाईने म्हणाले.

शलाकाने क्रोशाचा रुमाल उचलला आणि एक पितळी बटण फिरवलं. बटण तिच्या हातात आलं. मग तिने रेडिओग्राम भिंतीपासून ओढला आणि मागची फळी उघडली. आत एक दिवा लटकत होता. शेजारी हिरव्या काचेचा तुकडा आणि मागे एक मिणमिणता बल्ब. खाली आत्याची क्रोशाची रिळं. बाकी काही नव्हतं.

"पूर्वी वाजायचा," अप्पा पुटपुटले. "पण खालचा स्वर लागला की झाकण थरथरायचं. एकदा पॉलिशला चीर गेली. मग मीच आतलं सगळं काढून टाकलं. आवाज काय, कुठेही मिळतो. सागवान मिळत नाही."

त्यांची मान खाली गेली. आता हे लोक उठून जाणार, असं सगळ्यांना वाटलं.

पण माईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अप्पासाहेब," त्या गहिवरून म्हणाल्या, "तुमचंही वाजत नाही? अहो, मग आधी का नाही सांगितलंत! मला येताना केवढा संकोच वाटत होता!" त्यांनी पांढरा खांब उलटा केला. तो आतून पोकळ होता. तळाशी एक छोटी बॅटरी. "वायर दिसायची हो भिंतीवर. डोळ्यांत खुपायची. काढून टाकली. मग आतलं ठेवून तरी काय करायचं?"

"माई!" अप्पा म्हणाले.

"अप्पासाहेब!" माई म्हणाल्या.

"छत्तीस गुण जुळले!" भारद्वाजकाका म्हणाले.

इतकं झटपट ठरलेलं लग्न जंगलाने पाहिलं नव्हतं. आईने साखर वाटली. रेडिओग्राम हुंड्यात नव्हे, मायेपोटी मुलीबरोबर द्यायचा ठरला. माईंनी लगेच जागाही ठरवली. मधोमध रेडिओग्राम. उजवीकडे खांब. डावीकडे सून.

"फक्त काटे," त्या म्हणाल्या. "सागवानाला ओरखडा जाईल."

"ते आत्ताच करू," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला. "बस गं इथे. शेंड्यापासून सुरुवात करतो."

शलाकाने बनूआत्याकडे पाहिलं. आत्याच्या पाठीवर एकही काटा नव्हता. ते वयामुळे गळले असतील, असं तिला आजवर वाटत होतं.

"दुखत नाही गं," आत्या म्हणाली. "माझेही असेच कापले होते. फक्त नंतर आपल्याला राग आला तरी कोणाला कळत नाही. मग हळूहळू आपल्यालाही कळेनासा होतो."

"मी काही म्हणू का?" निनादने विचारलं.

"नको," माई म्हणाल्या.

अप्पांनी अडकित्ता उघडला.

"नाही," शलाका म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे कापायचे नाहीत. मी कशाच्याही डावीकडे बसणार नाही, उजवीकडे बसणार नाही. या घरात नाही आणि त्याही घरात नाही. मला हे लग्न करायचं नाही."

बोलता बोलता तिच्या पाठीवरचे काटे एकेक करून उभे राहिले आणि खडखड वाजू लागले. त्या दिवाणखान्यात कित्येक वर्षांत एवढा मोठा आवाज झाला नव्हता. पांढरा खांब पाटावर हादरला आणि कलंडला. त्याला कोणी उचललं नाही.

अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. माईंनी शाल हातात घेतली, पण ती कशावर घालायची हे त्यांना सुचेना. भारद्वाजकाका होते तिथेच होते, पण कोणाला दिसत नव्हते. बनूआत्या हात मागे नेऊन आपली गुळगुळीत पाठ चाचपत होती.



तात्पर्य : मुलांनो, घरात शोभेची वस्तू आणायची असेल, तर ती आतून रिकामी आहे ना, याची आधी नीट खात्री करून घ्यावी. चुकून भरलेली निघाली, तर ती बोलते.