प्रिंटर धरून बोला

"तू बिनधास्त बॅगा भर! शुक्रवारी काम संपलं की शनिवारी आपण डोंगरात!"

टीमलीडने बायकोला छातीठोकपणे सांगितलं. या सहलीच्या बॅगा तिने आधी दोनदा भरल्या होत्या आणि दोनदा उपसल्या होत्या. आता उत्साह आणायचा तरी कुठून!

घोडं अडलं होतं सकाळच्या मीटिंगपाशी. ऑफिसात अजाइल नावाची कामाची नवी पद्धत आल्यापासून रोज उभं राहून तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. म्हणे पाय दुखले की माणसं आवरतं घेतात! कसलं काय! कुणी भिंतीला टेकायचं, कुणी टेबलावर बूड टेकवायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गप्पा. मग काम कधी करणार, कपाळ!

शेवटी टीमलीडने कुठेतरी वाचलं की बोलणाऱ्याच्या हातात वजन द्यावं. कोपऱ्यात एक बंद पडलेला प्रिंटर धूळ खात होता. नियम ठरला: प्रिंटर उचलायचा आणि बोलायचं, खाली ठेवला की बोलणं संपलं.

काय जादू झाली म्हणता! "काल लॉगिन, आज लॉगिन, अडचण हा प्रिंटर!" एवढं बोलून टेस्टरबाई मोकळ्या. चहा निवायच्या आत मीटिंग खलास.

गुरुवारी पैलवान रजेवरून परतला. पैलवान म्हणजे टीममधला व्यायामवेडा प्रोग्रामर. त्याने प्रिंटर उशीसारखा उचलला आणि जो सुरू झाला! या हातातून त्या हातात घेत त्याने कालचं, परवाचं, रजेतलं, सगळं सांगितलं. मध्येच बैठकाही मारल्या.

"सर, मस्त आयडिया आहे हो तुमची!"

टीमलीडने डोक्याला हात लावला. तेवढ्यात मोठे साहेब डोकावले.

"हे काय नवीन? तुम्ही दाखवा बघू करून."

टीमलीडने प्रिंटर उचलला. "काल चाचणी, आज चाचणी, अडचण नाही. आणि साहेब, शनिवारपासून माझी रजा..."

"थांबा हो! आधी कामाचं नीट सांगा." साहेब खुर्ची ओढून निवांत बसले. प्रश्नावर प्रश्न! प्रिंटर खाली ठेवावा तर रजेचं बोलणं राहतं. बिचाऱ्याचे हात लटपटायला लागले, घाम डोळ्यांत उतरला.

"हं, रजेचं काय म्हणत होतात?"

त्याने तोंड उघडलं आणि कमरेत कट्कन आवाज झाला.

रजा मंजूर झाली. तिथल्या तिथे! आठवडाभर अंथरुणातून हलायचं नाही, असं डॉक्टरांनीच लिहून दिलं.

शनिवारी बायको बॅग घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली.

"काल काय केलंत?"

"पडून होतो."

"आज काय करणार?"

"पडून राहणार."

"अडचण?"

त्याचं लक्ष बॅगेकडे गेलं. "तू... निघालीस?"

"तिसऱ्यांदा बॅग उपसायची ताकद नाही माझ्यात. तुमच्या आईंना घेऊन चाललेय, त्या गाडीत जाऊन बसल्यासुद्धा. आणि काळजी करू नका, सोबतीला तुमच्या ऑफिसातले एक जण येतायत. आपणहून फोन केला हो, भला माणूस!"

बेल वाजली. बायको गेली आणि पैलवान आला. पलंगाशी खुर्ची ओढून ऐसपैस बसला.

"सर, आज वजन नाही, काही नाही. निवांत बोलू!"